वायूचा ताळेबंद

सोलापूर जिल्ह्यांतील मोडनिंबासारख्या गांवीं भर उन्हाळ्यांत रेफ्रिजरेटरमधलें गार पाणी पिणाऱ्याच्या मनांत त्या यंत्रांतील वायूचा विचार सहसा येत नाहीं. परंतु त्या वायूचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

पूर्वीं शीतयंत्रांत अमोनिया, सल्फर डायॉक्साइड यांसारखे विषारी वायु वापरीत. १९२८ सालीं अमेरिकेंत थॉमस मिजली व त्यांचे सहकारी यांनीं त्यांच्या जागीं क्लोरोफ्लुरोकार्बन आणला. तो विषारी नव्हता, पेट घेत नव्हता आणि सहसा विघटनहि पावत नव्हता. हा शेवटचा गुणच पुढें दोष ठरला.

मेक्सिकोचे मारिओ मोलिना १९६५ सालीं रासायनिक एंजिनियर झाले. या विद्येचा पहिला धडा ताळेबंदाचा: यंत्रांत जितका माल गेला तितक्याचा हिशेब लागलाच पाहिजे. १९७३ सालीं कॅलिफोर्नियांत शेरवुड रोलंड यांच्यासह त्यांनीं हाच हिशेब वातावरणाकडे मागितला. हवेंत सोडलेला हा वायु अखेर जातो कोठें? १९७४ सालीं उत्तर प्रसिद्ध झालें. तो उंच चढतो, अतिनील किरणांनीं फुटतो, आणि सुटा झालेला क्लोरीनचा एकेक अणु ओझोनचे सहस्रावधि रेणु नष्ट करतो. कारखानदारांनीं हें मानलें नाहीं. पण १९८५ सालीं दक्षिण ध्रुवावरील ओझोनचा ऱ्हास उघड झाला, आणि १६ सप्टेंबर १९८७ रोजीं मॉंट्रियल येथें करार झाला. १९९५ सालीं मोलिना नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

करार झाला, पण गरीब राष्ट्रांनीं आपलीं यंत्रें बदलावीं कशीं? त्यांना अधिक मुदत व निधि देण्यांत आला. भारत १९९२ सालीं करारांत सामील झाला. या कामीं एक महाराष्ट्रीय एंजिनियर पुढें आले. साताऱ्याकडील रहिमतपूरचे राजेंद्र शेंडे मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें रासायनिक एंजिनियरिंग शिकले व पुढें संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या पॅरिस येथील ओझोन विभागाचे प्रमुख झाले. या विभागानें देशोदेशींच्या अधिकाऱ्यांना, जकात खात्याच्या नोकरांना आणि यंत्र दुरुस्त करणाऱ्या कारागिरांना शिक्षण देण्याची व्यवस्था केली. २०१० पासून, औषधी फवाऱ्यांसारखे अपवाद वगळतां, विकसनशील राष्ट्रांतहि या वायूचें उत्पादन बंद झालें.

मात्र त्याच्या जागीं आलेले कांहीं वायु पृथ्वीची उष्णता वाढवितात, असें दिसून आल्यानें २०१६ सालीं किगाली येथें त्यांवरहि नियंत्रण ठरलें. ताळेबंद अद्याप मिटलेला नाहीं. आणि तो नेकीनें मांडीत राहणें हेंच या विद्येचें खरें व्रत होय.