परसातील कोंबड्यांचे रात्रीचे संरक्षण

घराभोवती मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्यांना दिवेलागणीपासून उजाडेपर्यंत भक्षकांपासून सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था. ती जागेनुसार बदलते. छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेकडील मुकुंदवाडी हे जालना रस्त्यालगतचे मूळचे खेडे. शहर वाढले तसे ते महापालिकेच्या हद्दीत आले. आज त्याच्या एका अंगाला सिडकोची वसाहत, दुसऱ्या अंगाला चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत आणि शेजारून लोहमार्ग आहे. अशा ठिकाणी जुने खुराडे तेच राहते, पण त्याच्यावर येणारा शत्रू बदलतो.

शेतवस्तीवर धास्ती कोल्ह्याची आणि रानमांजराची. गावठाणाचे शहर झाले की त्यांची जागा बोका, मोकाट कुत्री आणि घूस घेतात. खरकटे, उकिरडा व उघडी गटारे यांवर हे प्राणी पोसले जातात, म्हणून त्यांची संख्या शहरात घटत नाही. उदमांजरही माणसाच्या आसऱ्याने राहते: दिवसभर माळ्यावर किंवा पत्र्याखालच्या पोकळीत झोपून रात्री ते भिंतीवरून, झाडावरून उतरते. मुंगूस दिवसा शिकार करते, त्यामुळे त्याचा धोका रात्रीपेक्षा पहाटे लवकर सोडलेल्या कोंबड्यांना अधिक. बिबट्या क्वचितच येतो. तरी डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोच्या एन-१ भागात शिरलेला बिबट्या वनविभागाला पकडावा लागला होता.

अंधुक प्रकाशात कोंबडीला फारसे दिसत नाही. दांडीवर बसली की ती जागची हलत नाही. शेजारची उचलली गेली तरी बहुधा पळत नाही. आत शिरलेल्या कुत्र्याच्या तावडीतून म्हणूनच अख्खा कळप सुटत नाही. वर्षभर जपलेल्या तलंगा एका रात्रीत जातात आणि त्यांच्याबरोबर घरातल्या बाईच्या हातात येणारे अंड्यांचे पैसेही.

सकाळच्या खुणा नीट पाहिल्यास शत्रूचा अंदाज बांधता येतो. बरेच पक्षी फाडून जागीच टाकलेले असतील तर बहुधा कुत्रे. एकच कोंबडी नाहीशी आणि पिसांची रेघ कुंपणाकडे गेलेली, तर बोका किंवा रानमांजर. जमिनीत ताजे बीळ, उकरलेली माती आणि पिले गायब, तर घूस. अंडी किंवा पिले मागमूस न ठेवता गेली असतील तर सापाचाही विचार करावा, कारण तो ती अख्खी गिळतो. पण अशा वेळी बिळात किंवा अडगळीत हात घालू नये.

मराठवाड्यात कोंबड्या डालण्याची जुनी रीत म्हणजे बांबूचे डालगे पालथे घालून वर दगड ठेवणे. पिलांवरच्या कोंबडीसाठी, तेही घराच्या आत, ती आजही चांगली. अंगणात मात्र कुत्रे डालगे उलथवते आणि घूस खालून येते. षटकोनी छिद्रांची पातळ ‘मुर्गाजाळी’ कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. दातांनी ओढल्यावर ती उसवते आणि पिलू उंदीर तिच्या छिद्रातून सहज जातो. खर्च करायचाच तर अर्ध्या इंचाच्या वेल्डमेशवर करावा. जाळी चौकटीला खिळ्यांऐवजी पट्टी व स्क्रूने आवळावी. तळाशी फरशी किंवा कोबा घालावा. ते शक्य नसेल तर जाळी सुमारे एक फूट बाहेरच्या बाजूस जमिनीवर पसरून मातीने झाकावी. उकरणारा प्राणी भिंतीच्या पायथ्याशीच सुरुवात करतो, तिथेच त्याची नखे जाळीला लागतात. पत्र्याच्या पन्हळीखालची फट बुजवली नाही, तर बाकीचा खर्च व्यर्थ जातो.

उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या या शहरात भीतीपोटी चारी बाजूंनी पत्रा ठोकणे हीही चूकच. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून उष्णता बाहेर टाकते. कोंडलेल्या खुराड्यात उष्णता आणि विष्ठेचा अमोनिया दोन्ही साठतात. दोन समोरासमोरच्या भिंतींचा वरचा भाग जाळीचा ठेवावा. दांडी जाळीपासून हातभर आत असावी, नाहीतर बाहेरून घातलेला पंजा झोपलेल्या पक्ष्यापर्यंत पोहोचतो.

मजबूत खुराडेही वेळेवर दार लावले नाही तर निकामी. कोंबड्या अंधार पडण्याआधी आपणहून आत येतात. त्याच वेळी मोजून दार लावावे. मोजणीत एखादी कमी भरली तर ती बहुतेकदा झाडावर किंवा अडगळीत खुडूक बसलेली सापडते आणि उशीर झाला की तीच पहिली बळी पडते. कडी उचकटता येऊ नये म्हणून तिच्यात खिळा किंवा कुलूप अडकवावे. सांडलेले दाणे व अंडी रात्री आत ठेवू नयेत. घूस त्यांच्या वासाने येते.

विष घालणे किंवा फास लावणे हा उपाय नव्हे. रानमांजर, उदमांजर, मुंगूस व कोल्हा यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे, आणि विषारी आमिष पाळीव कुत्र्यामांजरांनाही मारते. वन्य प्राणी खुराड्यात अडकलाच तर दार बाहेरून बंद करून वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.