मेरी रॉबिन्सन : वकिली ते राजनय

आयर्लंडच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष म्हणून मेरी रॉबिन्सन यांचे नाव सर्वपरिचित असले, तरी त्यांच्या कारकिर्दीची दिशा ठरली ती एका फसलेल्या विधेयकाने. मेयो परगण्यातील बॅलिना येथे २१ मे १९४४ रोजी डॉक्टर दाम्पत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला. डब्लिनच्या ट्रिनिटी महाविद्यालयात व पुढे हार्वर्डमध्ये कायद्याचे शिक्षण घेऊन वयाच्या अवघ्या २५व्या वर्षी त्या ट्रिनिटीत प्राध्यापक झाल्या. त्याच वर्षी, १९६९ मध्ये, त्या सिनेटवरही निवडून आल्या.

गर्भनिरोधकांची विक्री व आयात तेव्हा आयर्लंडमध्ये १९३५च्या कायद्यान्वये गुन्हा होता. वारंवारच्या बाळंतपणांनी खंगलेल्या स्त्रियांसाठी हा आरोग्याचा प्रश्न. कॅथॉलिक धर्मपीठासाठी मात्र नीतीचा. हा निर्बंध उठविण्यासाठी रॉबिन्सन यांनी १९७१ मध्ये आणलेल्या विधेयकाचे पहिले वाचनदेखील सिनेटने होऊ दिले नाही. घरी शिव्याशापांच्या पत्रांचा ढीग साचला. पुढे १९७९च्या कायद्यान्वये ही साधने केवळ कुटुंबनियोजनासाठी, तीही डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागली आणि १८ वर्षांवरील व्यक्तींना चिठ्ठीविना निरोध मिळण्यास १९८५ उजाडले. भारत सरकार १९६८ पासूनच सवलतीच्या दरात निरोध विकत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या काळच्या आयर्लंडची कल्पना येते.

संसदेत जे साधले नाही, ते त्यांनी न्यायालयात साधले. मारहाण करणाऱ्या पतीपासून विभक्त होऊ इच्छिणाऱ्या, पण वकिलाची फी न परवडणाऱ्या महिलेची बाजू त्यांनी युरोपीय मानवी हक्क न्यायालयात मांडली. १९७९ मधील या निकालानंतर आयर्लंडला दिवाणी दाव्यांसाठी कायदेविषयक मदत योजना सुरू करावी लागली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणाऱ्या कायद्याविरुद्धचा दावाही त्यांनी तेथेच १९८८ मध्ये जिंकला. तो कायदा रद्द करणाऱ्या १९९३च्या विधेयकावर राष्ट्राध्यक्ष या नात्याने स्वाक्षरी करण्याचा योगही त्यांनाच लाभला!

राष्ट्राध्यक्षपद (१९९०-९७) तसे शोभेचेच. परदेशी जाण्यासही सरकारची संमती लागते. तरीही १९९२ मध्ये दुष्काळग्रस्त सोमालियाला भेट देऊन त्यांनी तेथील उपासमारीचा प्रश्न थेट संयुक्त राष्ट्रांच्या सरचिटणीसांपुढे नेला.

१९९७ ते २००२ या काळात त्या संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त होत्या. एचआयव्हीबाधितांच्या हक्कांविषयीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे १९९८ मध्ये त्यांच्या कार्यालयाने ‘यूएनएड्स’समवेत प्रसिद्ध केली. आरोग्याच्या हक्कासाठी विशेष प्रतिवेदकाचे पद २००२ मध्ये, त्यांच्याच कारकिर्दीत निर्माण झाले. २००८ ते २०१४ या काळात ते ‘लॉयर्स कलेक्टिव्ह’चे अॅड. आनंद ग्रोव्हर यांनी भूषविले. ११ सप्टेंबर २००१ नंतर ग्वांतानामो येथील कैद्यांना मिळणाऱ्या वागणुकीवर रॉबिन्सन यांनी उघड टीका केली आणि अमेरिकेची नाराजी ओढवून घेतली. मुत्सद्द्याला हे शोभते का, असा प्रश्न तेव्हा विचारला गेला. वकिलाला ते निश्चितच शोभते.

आफ्रिकेतील महासरोवर प्रदेशासाठी (२०१३-१४) व त्यानंतर हवामानबदलासाठी त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या विशेष दूत म्हणून काम पाहिले. नेल्सन मंडेला यांनी २००७ मध्ये स्थापन केलेल्या ‘एल्डर्स’ या गटाच्या त्या संस्थापक सदस्य असून २०१८ ते २०२४ या काळात त्याच्या अध्यक्षपदी होत्या.