मिठाचा तुषार आणि कोंडलेला श्वास

बीड जिल्ह्यांतील आंबेजोगाई हें गांव मुकुंदराजांच्या समाधीमुळें महाराष्ट्राला ठाऊक आहे. तेथेंच १९७४ सालीं ग्रामीण जनतेसाठीं वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झालें. त्याला नांव आहे तें स्वामी रामानंद तीर्थ यांचें. हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे हे नेते पूर्वीं त्याच गांवीं शिक्षक होते. बालाघाटच्या या मुलखापासून समुद्र फार दूर आहे. परंतु छातीच्या जुन्या रोग्याला खाऱ्या पाण्याचा तुषार श्वासावाटे देण्याची जी पद्धति आज वैद्यकांत आहे, तिची कथा समुद्राकडेच घेऊन जाते.

हा रोगी बहुधा पूर्वीं क्षयांतून उठलेला असतो. २०१९ सालीं भारतांतील ३१ रुग्णालयांच्या २,१९५ रोग्यांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्या सर्वांच्या श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्या होत्या, आणि त्यांपैकीं एकतृतीयांशाहून अधिक जणांच्या विकाराचें मूळ क्षयांत होतें. क्षयाचे जंतु मरतात, पण सैल पडलेल्या नलिकांत कफ सांचतो, आणि सांचलेल्या कफांत नवे जंतु वाढतात. म्हणून कफ पातळ करून बाहेर काढणें हीच रोग्याची नित्याची चिंता होऊन बसते.

ही चिंता प्राचीनांनाहि होती. श्वासरोग्याच्या अंगाला सैंधवयुक्त तेल लावावें व नळीनें वाफ देऊन घट्ट झालेला कफ विरघळवावा, असा विधि चरकसंहितेंत आहे. पण तें मीठ त्वचेवरच राहिलें. पातेल्यांत मीठ टाकून वाफारा घेण्याची घरगुती समजूतहि अशीच फसवी आहे. मिठागरांत सूर्य पाणी नेतो आणि मीठ मागें ठेवतो. पातेल्यांतहि तेंच घडतें. वाफ वर जाते, मीठ तळाशीं राहतें. फुप्फुसांत मीठ न्यावयाचें तर पाण्याची वाफ करून चालत नाहीं, त्याचे सूक्ष्म कण करावे लागतात.

निसर्गांत हें दोन ठिकाणीं घडतें: खाणींतील धुळींत व समुद्राच्या लाटांत. पोलंडमधील व्येलिच्का येथील मिठाच्या खाणीचे वैद्य फेलिक्स बोच्कोव्स्की यांनीं १८४३ सालीं खाणींतील हवेच्या गुणांवर ग्रंथ लिहिला. १८५८ सालीं फ्रान्समध्यें डॉक्टर साल-झिराँ यांनीं हातपंपानें द्रव फोडून त्याचा तुषार करणारें यंत्र तयार केलें. तेव्हांपासून समुद्राची ती करामत मनुष्याच्या हातीं आली.

लाटांचा धडा पुढें ऑस्ट्रेलियांत मिळाला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक रोगानें पीडित असूनहि लाटांवर स्वार होणारे तरुण बरे राहतात, असें तेथील वैद्यांच्या ध्यानीं आलें. तेव्हां १६४ रोग्यांवर ४८ आठवडे प्रयोग झाला. दिवसांतून दोन वेळां शेंकडा ७ मिठाचा तुषार घेणाऱ्यांना, सौम्य द्रावण घेणाऱ्यांपेक्षां, रोगाचे झटके पुष्कळच कमी आले. २००६ सालीं हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीव्र मीठ नलिकांच्या भिंतींतून पाणी ओढून घेतें व कफ सैल करतें, हें त्याचें कारण मानलें जातें.

मात्र एका रोगाचें यश दुसऱ्याला आपोआप लागू पडत नाहीं. २०२५ सालीं ब्रिटनमधील चाचणींत, नलिका रुंदावलेल्या रोग्यांच्या झटक्यांत या तुषारानें लक्षणीय घट झालेली दिसली नाहीं. कफ काढण्याच्या कामीं कित्येकांना त्याचा उपयोग होतो. कित्येकांच्या नलिका उलट आवळतात, म्हणून नलिका मोकळ्या करणारें औषध आधीं देतात व पहिली मात्रा वैद्यासमक्ष घेवितात. द्रावण निर्जंतुकच हवें. स्वयंपाकघरांतील मीठपाणी यंत्रांत घालणें धोक्याचें आहे.

मिठाच्या अंगीं फुप्फुस नवें करण्याचें सामर्थ्य नाहीं. वाट मोकळी करण्याइतकेंच त्याचें काम. पण ज्याचा श्वास कोंडतो, त्याला तेंहि थोडें नसतें.