एका बचावाचें नांव

बुद्धिबळांतील ‘इंडियन’ म्हणून ओळखले जाणारे बचाव आज जगभर खेळले जातात. परंतु हें विशेषण त्यांना कोणाच्या खेळामुळें लागलें, याचा विचार क्वचितच होतो. तो करूं लागल्यास एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील कलकत्त्यास जावें लागतें.

जॉन कॉकरेन हा स्कॉटिश बॅरिस्टर तेथें वकिली करीत असे. लंडनमध्येंही त्याचा खेळ नांवाजलेला होता. कलकत्त्यास त्याला तोलाचा प्रतिस्पर्धी भेटला तो महेशचंद्र बंद्योपाध्याय या बंगाली गृहस्थांत. १८४८ पासून पुढें दोघांचे पुष्कळ डाव झाले.

मे १८५५ मधील एक डाव विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. कॉकरेननें वजिरापुढील प्यादें दोन घरें सारलें. महेशचंद्रांनीं राजाकडील घोडा बाहेर काढला. मग त्या बाजूच्या घोड्याचें प्यादें एकच घर पुढें टाकून त्यांनीं उंटाला कोपऱ्याजवळ जागा केली, आणि तिसऱ्या खेळीस वजिराचें प्यादें दोन घरें नेऊन मध्यावर थेट आव्हान दिलें. पुढें हा डाव मात्र कॉकरेननें जिंकला.

हें तंत्र कोठून आलें? आपल्या देशी खेळांत प्यादें पहिल्या खेळीसही बहुधा एकच घर चालतें. त्यामुळें मध्यभाग एकदम न व्यापतां सावकाश मांडणी करण्याची संवय खेळाडूंच्या अंगीं मुरलेली असे. ही संवय महेशचंद्रांनीं सोडली नाहीं. पण नव्या नियमानें दिलेली दोन घरांची मोकळीकही योग्य क्षणीं वापरली. परक्या नियमांपुढें त्यांनीं आपली रीत टाकली नाहीं, आणि आपल्या रीतीच्या अभिमानानें नवा नियमही झिडकारला नाहीं.

पुढें सदुसष्ट वर्षांनीं, १९२२ सालीं, ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डनें हीच मांडणी मोठ्या स्पर्धांत आणली व व्हिएन्ना येथें अलेखिनसारख्या खेळाडूला तिनेंच हरविलें. तेव्हांपासून ती ‘ग्रुनफेल्ड बचाव’ झाली. ग्रुनफेल्डचें श्रेय खोटें नव्हे. स्पर्धेच्या कसोटीस ती त्यानेंच उतरविली. उलट घोड्याचा बळी देणारा एक हल्ला कॉकरेनच्या नांवानें आजही ओळखला जातो, आणि तो त्यानें १८४८ मध्यें महेशचंद्रांवरच केला होता. महेशचंद्रांच्या वांट्यास मात्र देशाचें नांव आलें, स्वतःचें नाहीं. तो लिहून ठेवलेला डाव पटावर पुन्हा मांडला, म्हणजे निदान खेळणाऱ्याची ओळख पटते.