घाटेअळी हरभऱ्याचं संरक्षण कसं भेदते? पोटातल्या 'कात्री'ची आणि तिच्या 'कुलपा'ची गोष्ट

हरभऱ्याच्या घाट्याला गोल भोक, अळीचं अर्धं अंग आत आणि अर्धं बाहेर. रब्बीत हे दृश्य विदर्भ-मराठवाड्यात दिसतं, तसंच खेड तालुक्यात निघोजे-चाकण पट्ट्यातल्या कारखान्यांलगत उरलेल्या शेतातही दिसू शकतं. हीच अळी तुरीवर 'शेंगा पोखरणारी', टोमॅटोवर 'फळ पोखरणारी' आणि कापसावर 'अमेरिकन बोंडअळी' होते. शास्त्रीय नाव एकच, हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा.

गंमत म्हणजे तिच्याविरुद्धचं एक हत्यार हरभऱ्याच्या दाण्यातच असतं. मग ते चालत का नाही?

आधी कात्री समजून घेऊ

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. ही माळ कापणाऱ्या विकरांना, म्हणजेच एन्झाइमना, प्रोटिएज म्हणतात. आपण खाल्लेली डाळ पचते ती जठरातल्या पेप्सिनमुळे आणि लहान आतड्यातल्या ट्रिप्सिनसारख्या विकरांमुळे. मटण लवकर शिजावं म्हणून कच्ची पपई लावतात, तिथे काम करतं ते पपेनही प्रोटिएजच.

अडचण अशी की आपलं शरीरही बरंचसं प्रथिनांचंच आहे. कात्री नको तिथे सुरू झाली तर? म्हणून स्वादुपिंड ट्रिप्सिन थेट बनवत नाही. ते ट्रिप्सिनोजेन नावाच्या निष्क्रिय रूपात बनतं आणि आतड्यात पोचल्यावर चालू होतं. त्याआधीच थोडं चालू झालंच, तर त्याला पकडायला रोधक, म्हणजेच इनहिबिटर, तयार असतात. ही व्यवस्था कोलमडली की स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. तीव्र पॅनक्रियाटायटिसमध्ये हेच घडतं.

फुप्फुसांतही असाच पहारा असतो. जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी इलास्टेज नावाचं प्रोटिएज सोडतात आणि अल्फा-१ अँटिट्रिप्सिन हा रोधक त्याला आवरतो. सिगारेटचा धूर या रोधकालाच निकामी करतो.

रोधक काम कसं करतो? कात्रीच्या पात्यांत तो प्रथिनासारखाच जाऊन बसतो, पण सहज कापला जात नाही आणि सुटतही नाही. कात्री अडकून पडते.

झाडांनी हीच युक्ती उलटी वापरली

आपल्या प्रोटिएजना आवरण्याऐवजी खाणाऱ्याच्या पोटातल्या प्रोटिएजना कुलूप लावायचं. किडीने पान खाल्लं तरी प्रथिन पचत नाही, वाढ खुंटते. १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन या अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की बटाटा-टोमॅटोचं एक पान भुंग्याने कुरतडलं, तर न कुरतडलेल्या पानांतही रोधक वाढतात. म्हणजे झाड आतल्या आत निरोप पाठवतं! सोयाबीन कच्चं का खाऊ नये, याचं एक मोठं कारणही त्यातले ट्रिप्सिन रोधक हेच आहे. नीट शिजवल्यावर ते बऱ्याच अंशी निकामी होतात.

मग हरभरा का हरतो?

याचं उत्तर शोधण्याचं काम पुण्यातच झालं. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या अशोक गिरी, विद्या गुप्ता, प्रभाकर रांजेकर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचं म्हणणं थोडक्यात असं: घाटेअळीच्या पोटातले प्रोटिएज हरभऱ्याच्या रोधकांनाच निकामी करू शकतात. ज्याने कात्री अडकवायची, तोच कापला जातो.

ही अळी शेकडो वनस्पतींवर जगते आणि तिच्या पोटात एक-दोन नव्हे, अनेक प्रकारचे प्रोटिएज असतात. समोर काय येतंय त्यानुसार ती त्यांचं प्रमाण बदलते. नेहमीच्या यजमान पिकाचं कुलूप तिच्या ओळखीचं झालेलं असतं.

त्यामुळे याच गटाने १९९९ मध्ये वेगळा रस्ता तपासला. अळी ज्या वनस्पतींवर सहसा जगत नाही, त्यांचे रोधक वापरून पाहिले. भुईमूग, बटाटा आणि चौधारी घेवडा यांचे रोधक हरभरा, तूर, कापूस यांच्या रोधकांपेक्षा सरस ठरले. पण एकच रोधक कायम वापरून भागणार नाही, ते आलटून-पालटून वापरावे लागतील, असंही त्यांनी सुचवलं. पुढे २००३ मध्ये कारल्याच्या बियांतल्या रोधकांनीही या अळीची वाढ रोखल्याचं पुण्यातूनच प्रसिद्ध झालं. कारलं न आवडणाऱ्यांच्या यादीत घाटेअळीही, असं म्हणायला हरकत नाही.

इथे एक गल्लत टाळायला हवी. बीटी कापसातलं प्रथिन म्हणजे रोधक नव्हे. ते अळीच्या आतड्याला भोकं पाडतं, आणि त्यातला विषारी भाग मोकळा करायला अळीचेच प्रोटिएज हातभार लावतात.

परक्या वनस्पतीच्या रोधकाचं जनुक घातलेलं हरभऱ्याचं बियाणं आज शेतकऱ्याला दुकानात मिळत नाही. शेतात भिस्त आहे ती कामगंध सापळे, पक्षीथांबे, निंबोळी अर्क आणि अळीला रोग लावणाऱ्या एचएएनपीव्ही या विषाणूवर. हे उपाय अळी लहान असताना जास्त लागू पडतात. ती मोठी होऊन घाट्यात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचणं अवघड होतं.