घेट्टोतला रब्बी आणि त्यांची दोन पुस्तके

मुसलमानांच्या वस्त्यांबद्दल लिहिताना वर्तमानपत्रे ‘घेट्टो’ हा शब्द सर्रास वापरतात. हा शब्द व्हेनिसचा. १५१६ मध्ये तिथल्या सरकारने ज्यूंना शहराच्या एका कोपऱ्यात राहायला लावले. त्या जागेला घेट्टो म्हणत. रात्री वेशीचे दरवाजे बंद व्हायचे आणि पहारेकऱ्यांचा पगार आतल्या ज्यूंनीच द्यायचा, असा कारभार!

याच घेट्टोत रब्बी लिओन मोडेना यांनी आयुष्याचा मोठा काळ काढला. जन्म १५७१, मृत्यू १६४८. मुलगा विलक्षण हुशार. गुरू वारले तेव्हा तेरा वर्षांच्या लिओनने एक मरसिया रचला. तो हिब्रू म्हणून वाचला तरी अर्थ लागतो आणि कानाने ऐकला तर इटालियनही वाटतो! दोन भाषांत वावरणाऱ्या माणसाला या करामतीचे मोल वेगळे सांगायला नको. पुढे त्यांची इटालियन प्रवचने ऐकायला ख्रिस्ती पाद्री आणि सरदारही येत.

घरची कहाणी मात्र दुःखाची आहे. एस्तेर नावाच्या मुलीशी लग्न ठरले होते. १५९० मध्ये ऐन लग्नाच्या तोंडावर ती वारली, आणि तिच्याच धाकट्या बहिणीशी, राहेलशी, त्यांचा विवाह झाला. थोरला मुलगा मोर्देखाय किमयेच्या नादी लागला. शिशाची चांदी करण्याच्या प्रयोगांत तब्येत ढासळली आणि १६१७ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, तो गेला. दुसरा मुलगा जबुलून याला १६२२ मध्ये ज्यू तरुणांच्याच एका टोळक्याने ठार मारले. तिसरा, इसाक, घरापासून दूर भटकत राहिला. दियाना या मुलीचा मुलगा आजोबांजवळ वाढला, शिकला आणि त्यांच्या लेखनाला हातभार लावू लागला. म्हातारपणाचा तोच आधार.

मोडेनांनी दोन महत्त्वाची पुस्तके लिहिली. पहिले इटालियनमध्ये, ज्यूंच्या चालीरीतींवर. ज्यू धर्माबद्दल तोवर ख्रिस्ती विद्वानच लिहीत, तेही बहुधा टिंगल करत. आपल्याबद्दल आपणच बहुसंख्याकांच्या भाषेत सांगावे, हा मोडेनांचा हेतू. ते १६३७ मध्ये पॅरिसला छापले गेले, तेव्हा मात्र लेखक घाबरले. एखादे वाक्य चर्चला खटकले तर संकट साऱ्या जमातीवर येणार! ते स्वतःच धर्मन्यायालयाच्या अधिकाऱ्याकडे गेले, आणि १६३८ मध्ये व्हेनिसमध्ये दुरुस्त आवृत्ती काढली.

दुसरे पुस्तक हिब्रूत, स्वतःच्या आयुष्याचे. मोर्देखायच्या मृत्यूनंतर लगेच ते हाती घेतले. त्यात या धर्मगुरूने काहीच झाकले नाही. जुगाराचे व्यसन होते, ते लिहिले. लहानपणी याच माणसाने जुगाराच्या विरोधात पुस्तिका लिहिली होती! कर्ज, घरातली भांडणे, पोटासाठी केलेले सव्वीस उद्योग यांची यादी दिली. त्यात शिकवणी आहे, भाषांतर आहे, थडग्यावरच्या ओळी रचणे आहे आणि तावीज लिहिणेही आहे. हे हस्तलिखित छापून यायला १९११ साल उजाडले.

मला या दोन पुस्तकांचे नाते महत्त्वाचे वाटते. बाहेरच्यांसाठी लिहिताना जपून लिहावे लागते, कारण आपल्या एका चुकीचा हिशोब सगळ्या समाजाकडून वसूल होतो. ही भीती आपणही ओळखतो. पण जपून लिहिण्याची सवय इतकी लागते की घरातल्या घरातही आपण खरे बोलत नाही. आपल्या बुजुर्गांची चरित्रे पाहा. त्यात कोणी कर्जबाजारी नाही, कोणाचा मुलगा वाया गेलेला नाही, कोणी बायकोशी भांडलेले नाही. असा बुजुर्ग आदराला पात्र होतो, पण अडचणीत सापडलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही.

मोडेनांची विद्वत्ता त्या कबुलीने कमी झाली नाही. चारशे वर्षांपूर्वीचे ज्यू घर आतून कसे होते, तिथे काय कमावले जाई, कशावरून वाद होत, मुले गेल्यावर आईबाप कसे जगत, हे आज कळते ते मुख्यतः अशाच कागदांतून. आपल्या मोहल्ल्यांबद्दल बाहेरचे लोक रोज लिहितात. आपल्या घराबद्दल खरे लिहून ठेवायचे काम मात्र आपलेच आहे.