तळटीप : ‘दोन इंची पाइपात पाणी दमलं’

१. ‘दोन इंची पाइपात पाणी दमलं’ : मूळ मजकुरातल्या काकांचा हा शब्द शास्त्रालाही मान्य व्हावा. वाहते पाणी पाइपाच्या आतल्या भिंतीशी घासत जाते आणि मोटारीने दिलेला दाब त्या घर्षणात खर्च होतो. विहिरीवर २०० लिटरचे बॅरल ४० सेकंदांत भरत होते, म्हणजे प्रवाह सेकंदाला ५ लिटर. एवढे पाणी ७५ मिलिमीटर आतल्या व्यासाच्या पीव्हीसी पाइपातून नेले, तर हेझन-विल्यम्स सूत्राप्रमाणे दर १०० मीटरला सुमारे १.६ मीटर उंचीइतका दाब खर्च होतो. ५० मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण दोन इंची, पाइपात तोच खर्च जवळजवळ १२ मीटर. व्यास एक-तृतीयांशाने घटला आणि घर्षण सातपट झाले, कारण प्रवाह तोच असेल तर घर्षण व्यासाच्या जवळपास पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ३०० मीटर लांबीत हा फरक ३० मीटरवर जातो. तेवढा जादा दाब मोटारीकडे नसतो, म्हणून शेताच्या टोकाला धार बारीक होते. पाइपलाइन टाकणाऱ्याने आधी बॅरल आणि घड्याळ घेऊन प्रवाह मोजावा, लांबी धरावी आणि मगच व्यास ठरवावा. – संपा.